ओढता ओटा

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. आमचे बिऱ्हाड गाडीच्या पाठीत बसवायला मला चार महिने लागले, आणि ते बसल्यावर कळले की माप चुकले आहे. चूक होती फक्त चार इंचांची. पण त्या चार इंचांत आमचा पस्तीस वर्षांचा संसार मावला होता, म्हणून ही हकीकत सांगतो.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, तेहतीस वर्षे काढली. निवृत्त झालो तेव्हा ठरवले होते की आता दोघांनी हिंडायचे. कोकण तर आधी. आमच्या सौ.चे आजोळ गुहागरचे. मे महिन्याच्या सुट्टीतल्या फणसांच्या, विहिरीच्या आणि सुरूच्या बनाच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या आहेत, की ते गाव मला डोळे मिटून काढता आले असते. पण नेमके त्याच सुमारास तिच्या रक्तदाबाने डोके वर काढले. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. म्हणजे सपाट चमचाभर. आमच्या डॉक्टरांनी तिला त्याहूनही कमी नेमून दिले. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी, सगळे बंद.

मीठ तुटले आणि त्याबरोबर प्रवासही तुटला. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होते? एकदा खानावळीत पाटावर बसून "मला जरा अळणी वाढाल का?" असे विचारून पाहा. वाढणारी बाई गोंधळते, शेजारचे वळून पाहतात, आणि भाजी तर आधीच झालेली असते. दोन-तीनदा असे झाल्यावर सौ. म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घरी बरी आहे." हे वाक्य तिने इतक्या सहजपणे म्हटले, की ते किती जड आहे हे मला वर्षभर कळले नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. दर्शन घेऊन परत येताना रस्त्याच्या कडेला एका दिंडीचा ट्रक उभा होता. मागचा फाळका साखळ्यांवर आडवा सोडलेला, आणि त्या फाळक्यावर चार माउल्या भेंडी चिरीत होत्या. आत पिठाची पोती, खाली जमिनीवर शेगडी. शंभरेक माणसांचे जेवण त्या एका फळीवरून निघत होते. सौ. तिथे पाच मिनिटे उभी राहिली आणि म्हणाली, "यांचं बरं आहे. चूल बरोबर घेऊनच हिंडतात."

झाले! माझ्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन जागा झाला.

हा शोध काही माझा नव्हे, बरे का. १८६६ साली अमेरिकेतल्या टेक्सास प्रांतात चार्ल्स गुडनाइट नावाच्या गुरे हाकणाऱ्या माणसाने एक जुनी लष्करी घोडागाडी घेतली, तिच्या मागे खणाखणांची पेटी बसवली आणि पेटीचे झाकण असे केले की ते खाली सोडले की टेबल व्हावे. महिनोन् महिने गुरांबरोबर चालणाऱ्या गड्यांचा स्वयंपाक त्या झाकणावर होई. पुढे जर्मनीत १९५१ पासून वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाडीत बसेल अशी सामानाची पेटी विकायला काढली. हवी तेव्हा बसवा, नको तेव्हा काढा. त्यानंतर साहेबांच्या देशांत अशा गाड्यांचे पीकच आले. पण मूळ कल्पना तीच, आपल्या दिंडीच्या फाळक्याची: गाडीच्या पोटात माणसाने वाकून शिरायचे नाही, स्वयंपाकघरानेच बाहेर यायचे.

आमची गाडी म्हणजे पाच जणांची, जुनी घेतलेली ईको व्हॅन. हिचे मागचे दार वर उघडते, त्यामुळे आयतेच छप्पर मिळते. मी फ्रीजच्या रिकाम्या खोक्याची पुठ्ठ्याची पेटी करून आधी गाडीत बसवून पाहिली. कागदावर बसते ते गाडीत बसतेच असे नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. चाकांवरचे उंचवटे दोन्हीकडून आत येतात, दार तिरके मिटते. शेवटी ३८ इंच रुंद आणि २४ इंच खोल अशी पेटी ठरली. तिच्यात दोन ओढते खण: डावा रुंद, त्यावर दोन बर्नरची शेगडी आणि चिरण्यापुरती जागा, उजवा अरुंद, त्यात डबे, तवा, कुकर आणि मिसळणाचा डबा. पेटीच्या माथ्यावर, मागच्या आसनाला टेकवून, वीस लिटर पाण्याचा कॅन. त्याला रबरी नळी लावली की पाणी आपोआप खाली येते; पंप नको, वीज नको.

आमचे सुतारमामा हा नकाशा पाहून हसले. म्हणाले, "काका, हा ओटा की हार्मोनियम?" पण माणूस कसबी. पाण्याला दाद न देणारे मरीन प्लाय त्यांनी आणले, त्यावर आयएस ७१० चा शिक्का आहे की नाही हे मला दाखवून घेतले, आणि खणांना छऱ्यांचे जाड चॅनेल लावले. कपाटाच्या ड्रॉवरला लावतात ते हलके चॅनेल इथे चालत नाहीत. भरला कुकर बाहेर ओढला की ते वाकतात.

एक गोष्ट मी आधीच विचारून घेतली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करू देत नाही. म्हणून गाडीला एकही भोक पाडायचे नाही, असा मी नेम केला. पेटी म्हणजे सामान. पट्ट्यांनी आवळायची, घरी आल्यावर दोघांनी उचलून उतरवायची. दुसरा नेम गॅसचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. म्हणून पाच किलोचे छोटे सिलिंडर पेटीत न ठेवता वेगळ्या खोक्यात उभे आवळले. गाडी चालू असताना ते बंद, आणि शेगडी पेटवण्यापूर्वी ते बाहेर जमिनीवर. गाडीच्या आत शेगडी कधीही पेटवायची नाही.

नवरात्रात पेटी तयार झाली. सनमायका पांढरा, कडा गोल, खण ओढला की नुसता सर्रकन बाहेर. मी सौ.ला वाड्यासमोर बोलावले आणि एखाद्या जादूगारासारखा तो खण ओढून दाखवला. नात टाळ्या वाजवू लागली. सौ. पुढे आली, ओट्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, आणि तिने विचारले, "ही उंची कुणाची?"

"म्हणजे?" मी म्हटले. "३२ इंच. आपल्या घरच्या ओट्याचीच."

"तेच म्हणते मी. घरचा ओटा माझ्या मापाचा आहे. म्हणजे इथेही मीच उभी राहायची. गुहागरला जाऊन समुद्राकडे पाठ करून आमटीच करायची, तर घरी काय वाईट आहे?"

सुतारमामा खिळे मोजू लागले. मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे काही नव्हते. ओट्याची उंची कोपराच्या चार-सहा इंच खाली असावी, हा नियम मला पाठ होता. नियम पाळताना कोपर कुणाचे, हे मी एकदाही स्वतःला विचारले नव्हते. तिला प्रवास घडावा म्हणून मी चार महिने झिजलो होतो हे खरे. पण तिच्या सुट्टीतही शेगडीपाशी तीच असणार, हे माझ्या हाताने कागदावर आपोआप उतरले होते.

"मामा," मी म्हटले, "पेटीखाली चार इंचांची चौकट बसवा."

"३६ इंच?" मामांनी वर पाहिले. "वहिनींना उंच होईल."

"माझ्या मापाची करा."

सौ. काही म्हणाली नाही. पण त्या रात्री तिने मला फोडणी कशी करतात ते दाखवले. मोहरी तडतडल्याशिवाय हिंग टाकायचा नाही, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळले.

पुढचे दोन महिने मी घरी शिकत होतो. मिठाऐवजी लिंबू, कोकम, जिरेपूड आणि भाजलेल्या तिळांचा कूट यांवर जेवण कसे उभे करतात, ते तिने तीन वर्षांत शोधून काढले होते. मला ते आयते मिळाले. रोज सकाळी ती दिवसभराचे मीठ मोजून एका छोट्या डबीत घालून ठेवते. त्या डबीच्या बाहेरचे मीठ वापरायचे नाही.

नोव्हेंबरात आम्ही मुळशीच्या बाजूला रंगीत तालीम केली. वरण छान शिजले. मी त्या पाण्याने डाळ धुतली, तांदूळ धुतले, नातीने हात धुतले, भांडी विसळली, आणि मग सगळा खण पुढे कलंडला. वरण मातीत! कारण अगदी सोपे होते. बाहेर ओढलेल्या खणाचा भार पेटीला पुढे झुकवीत होता आणि माथ्यावरचा भरला कॅन तिला मागे धरून ठेवीत होता. पाणी संपत गेले तसे वीस किलोंचे पाच किलो झाले. पट्ट्याही मी सैल ठेवल्या होत्या. तेहतीस वर्षे लोकांची यंत्रे कागदावर तोलली, आणि स्वतःच्या वरणाला तोल देता आला नाही! मामांनी मग खणाच्या पुढच्या कडेला बिजागरीवर घडीचा पाय बसवला. मऊ जमिनीत पाय रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायला घरातला एक जुना पाट घेतला. सौ.ने त्याच्या जोडीचा दुसराही गाडीत टाकला. जोडी मोडू नये म्हणाली.

डिसेंबरात, मार्गशीर्ष लागल्यावर, आम्ही तिघे निघालो. ताम्हिणी घाटात भांड्यांनी असा काही वाद्यवृंद सुरू केला की नातीने कानांवर हात ठेवले. माणगावला थांबून प्रत्येक भांड्यामध्ये जुन्या गोधडीचे तुकडे घातले, तेव्हा शांतता झाली. आणखी एक धडा घाटाने दिला. चढावर गाडीचे तोंड वर होते, आणि मागे उघडणारे खण आपल्याच वजनाने दारावर येऊन आदळतात. चॅनेलच्या खटक्यावर विसंबू नये. प्रत्येक खणाला साधी कडी हवीच. ती आम्ही म्हसळ्याला हार्डवेअरच्या दुकानातून घेऊन तिथेच बसवली. दुकानदाराने पैसे कडीचे घेतले; स्क्रू ड्रायव्हर मात्र नुसताच वापरायला दिला आणि वर खण दोनदा ओढून पाहिला.

हरिहरेश्वरला पहिले जेवण झाले. देवळामागे प्रदक्षिणेची वाट खडकातून पायऱ्यांनी उतरते आणि समुद्राच्या अगदी अंगाला लागून जाते. लाटांनी त्या खडकांची जाळी केली आहे. ती वाट पाहून, गावाबाहेर झाडाखाली गाडी उभी केली. पण वारा काही शेगडी पेटू देईना. अखेर डब्यांच्या खणाचे झाकण काढून आडोसा केला तेव्हा ज्योत स्थिर झाली. मुगाची खिचडी आणि कोकमाचे सार. खिचडी खाली लागली होती. "खरपुडी मला आवडते," सौ. म्हणाली. हे पस्तीस वर्षांत ती प्रथमच बोलली.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढलो. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेश्वीला रत्नागिरी. डोंगरावर बाणकोटचा किल्ला. पूर्वी या खाड्यांना वळसा घालायचा म्हणजे दिवस जाई. आता बोटीत गाडी लावून कठड्याशी उभे राहिले की काही मिनिटांत जिल्हा बदलतो.

केळशी, आंजर्ले करीत हर्णैला पोचलो तेव्हा बंदरावर मासळीचा लिलाव रंगात आला होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मी चार बांगडे घेतले. कोळीणबाईंनी ते साफ करता करता विचारले, "काकी कशी करणार? मीठ-हळद लावून ठेवा आधी."

"काकी नाही, मी करणार. आणि मीठ नाही लावायचे."

कोयता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग सौ.कडे पाहिले. "मग आगळ लावा भरपूर. मासळी समुद्रातलीच आहे, तिला तिचं मीठ असतं." आणि सौ.ला म्हणाल्या, "काकी, तुमचं नशीब!"

ते बांगडे आम्ही मुरूडला, नारळीच्या वाडीच्या कडेला, मालकांना विचारून तव्यावर भाजले. मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, त्यांच्या गावात एक निवृत्त गृहस्थ घामाघूम होऊन बांगडे उलटतो आहे आणि त्याची बायको घडीच्या खुर्चीत बसून नातीला शंखांची नावे सांगते आहे, हे पाहून वाडीच्या मालकीणबाई मुद्दाम बाहेर आल्या. त्यांनी खण आत-बाहेर करून पाहिला, यजमानांना हाक मारली आणि त्यांनाही दाखवला. "बघून घ्या," एवढेच म्हणाल्या. यजमानांनी माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. घरचा ओटा भिंतीला चिकटलेला असतो. तिथे उभे राहणाऱ्याची पाठ सगळ्यांकडे असते. काय चालले आहे, किती वेळ चालले आहे, कुणाला दिसत नाही. हा ओटा बाहेर आला की त्याच्या तीन बाजू मोकळ्या. नात कांदा सोलायला आपोआप येते, वाटेने जाणारा मोहरी कधी टाकायची ते सांगतो. स्वयंपाक तोच, पण तो एकट्याचा राहत नाही.

तिसऱ्या दिवशी दाभोळला वाशिष्ठी ओलांडली, धोपाव्याला उतरलो आणि दुपारी गुहागर. गुहागरात दोन पाट आहेत, वरचा पाट आणि खालचा पाट. वस्तीच्या भागांची ही नावे. सौ.चे आजोळ खालच्या पाटात. घर आता दुसऱ्यांचे झाले आहे. ती गेटापाशी उभी राहिली. विहीर होती, फणस नव्हता. आतून कुणी "कोण हवंय?" विचारले, तेव्हा ती "कुणी नाही, सहज" म्हणाली आणि समुद्राच्या वाटेला लागली.

वाळूत गाडी घालायची नाही, हे आम्ही ठरवले होते. भरती आली की अशा गाड्या ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि किनाऱ्याची नासाडी होते ती वेगळीच. सुरूच्या बनाअलीकडे, रस्त्याच्या कडेला, मी खण ओढला, पाय सोडला, पाट ठेवला. बराच वेळ ती समुद्राकडे पाहत बसली. मी बटाट्याची भाजी टाकली. ती येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

"आजी असताना इथे संध्याकाळी चहा व्हायचा," ती म्हणाली. "सरा जरा. आज चहा मी करते."

"अगं, तू बस."

"तुम्ही सांगितलं म्हणून नाही करत. मला करायचाय."

ओटा तिला उंच होत होता. भांड्यात डोकावता येईना. तिने गाडीतून दुसरा पाट काढला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर चढून उभी राहिली. "हा वरचा पाट," नात म्हणाली, "आणि पायाखालचा तो खालचा पाट!" सौ. इतकी हसली की चहा उतू गेला.

परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड करीत पुण्याला आलो. पेटीला सगळे मिळून अठरा हजार लागले, हे विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. कुणाला करायची असेल तर चॅनेल जाड घ्या, कड्या विसरू नका, सिलिंडर बाहेर ठेवा, पाय आणि पाट हवाच. आणि सुताराला माप देण्यापूर्वी घरात एकदा विचारा, ओट्यापाशी कोण उभे राहणार?

गुहागरच्या त्या रात्री पेटी आवरताना मी मिठाची डबी उघडून पाहिली. त्या दिवसाचे मीठ निम्म्याहून अधिक उरले होते. जेवताना ते कुणी मागितले नव्हते.